मोटारीतील अग्निशामक यंत्र आणि आगीचे पहिले मिनिट

केरळमधील कन्नूर शहरात २ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी जिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या एका मोटारीने रुग्णालय हाकेच्या अंतरावर आले असतानाच पेट घेतला. प्रसूतीसाठी दाखल होण्यास निघालेली महिला आणि मोटार चालवणारा तिचा पती पुढील आसनांवर होते, तर मागे कुटुंबातील इतर चौघे होते. मागच्या चौघांना बाहेर पडता आले. पुढचे दरवाजे मात्र उघडले नाहीत आणि पती-पत्नी दोघांचाही आगीत मृत्यू झाला. अग्निशमन दल काही मिनिटांत तेथे पोहोचले होते, परंतु तोपर्यंत मोटारीच्या पुढील भागातून ज्वाळा निघत होत्या.

त्या मोटारीत हाताशी अग्निशामक यंत्र असते तर काय घडले असते, हे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. मात्र वाहनाला लागलेल्या आगीत मोजकी मिनिटेच निर्णायक ठरतात आणि भरवस्तीतही बंब त्या अवधीत पोहोचेलच असे नाही, ही बाब या दुर्घटनेने पुन्हा समोर आणली. महामार्गावर किंवा घाटात तर मदत पोहोचण्यास अर्धा तासही लागू शकतो. या दोन्हींच्या मधल्या काळात, आग अद्याप लहान असताना उपयोगी पडणारे साधन म्हणून मोटारीतील छोट्या अग्निशामक यंत्राकडे पाहिले जाते. त्याची किंमत मोटारीच्या एका टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असते. असे असूनही देशातील बहुतांश खासगी मोटारींमध्ये ते आढळत नाही आणि ज्या मोटारींत आढळते, त्यांतील अनेकांत ते डिकीत सामानाखाली दबलेले असते.

कायद्यातील तरतूद

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये खासगी मोटारीत अग्निशामक यंत्र ठेवण्याचे बंधन नाही. प्रवासी बस, शाळेची बस तसेच ज्वलनशील व धोकादायक पदार्थांची वाहतूक करणारी वाहने यांच्यासाठी मात्र ते आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शाळेच्या बसगाड्यांसंबंधी दिलेल्या निर्देशांमध्ये प्रथमोपचार पेटीबरोबरच अग्निशामक यंत्राचाही समावेश होता. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार लांब पल्ल्याच्या प्रवासी बस व शाळेच्या बस यांच्या प्रवासी कक्षातही आगीची सूचना देणारी आणि आगीपासून संरक्षण करणारी यंत्रणा आवश्यक करण्यात आली. त्यापूर्वी अशी तरतूद इंजिनाच्या कक्षापुरतीच होती.

अन्य देशांतील चित्र एकसारखे नाही. पोलंड, ग्रीस, बेल्जियम, रोमानिया, बल्गेरिया या युरोपीय देशांनी खासगी मोटारीतही हे यंत्र बंधनकारक केले आहे. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तसे बंधन नाही. विरोधी मताचा मुख्य मुद्दा असा की, यंत्र हाती असल्यामुळे अननुभवी चालक आगीजवळ थांबून राहतो आणि जिवाला मुकतो. हा आक्षेप पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. यंत्र कधी वापरू नये याची माहिती नसेल, तर तो खरा ठरू शकतो.

आग कोठून लागते

मोटारीतील आगीचा उगम बहुधा बॉनेटखाली होतो. इंधनाच्या नळीची झीज, गळणारे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडणे, बॅटरीच्या जोडणीतील ठिणगी ही त्यांपैकी नेहमीची कारणे. भारतात यात आणखी दोन कारणांची भर पडते. पहिले म्हणजे बाजारातून बसवून घेतलेले जादा क्षमतेचे दिवे, ध्वनियंत्रणा, कॅमेरे इत्यादी. त्यांच्यासाठी मूळ वायर कापून जोड दिले जातात आणि फ्यूज वारंवार उडू लागला की त्याच्या जागी साधी तार बसवली जाते. फ्यूजचे कामच उडण्याचे असते, हे अशा वेळी सोयीस्करपणे विसरले जाते. दुसरे कारण म्हणजे उंदीर. पावसाळ्यात आणि थंडीत उबेसाठी ते इंजिनाजवळ आसरा घेतात व वायरींचे आवरण कुरतडतात. अनेक दिवस उभी राहिलेली मोटार सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहण्याचा सल्ला गॅरेजवाले देतात तो याचसाठी. याखेरीज वाळलेल्या गवतावर उभी केलेली मोटारही पेटू शकते, कारण खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर प्रवासानंतर बराच वेळ तापलेला असतो.

आगीपूर्वी बहुतेक वेळा सूचना मिळते. जळक्या प्लॅस्टिकचा किंवा इंधनाचा वास, डॅशबोर्डच्या झरोक्यांतून येणारा धूर, कारण नसताना मंदावणारे दिवे ही ती लक्षणे होत. वास आल्यावर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन पाहू, असा विचार करणाऱ्या चालकाच्या हातून सर्वांत मौल्यवान वेळ निघून जातो. पेट्रोल पंप हे अशा वेळी थांबण्याचे ठिकाण नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

कोणते यंत्र

आगीचे वर्गीकरण जळणाऱ्या पदार्थानुसार केले जाते. लाकूड, कापड, आसनांतील फोम यांसारख्या घन पदार्थांची आग ‘ए’ वर्गात, पेट्रोल, डिझेल, तेल यांची ‘बी’ वर्गात आणि ज्वलनशील वायूंची ‘सी’ वर्गात मोडते. मोटारीत हे तिन्ही प्रकार हातभर अंतरावर एकत्र नांदत असतात, शिवाय विजेच्या वायरींचे जाळे असते. त्यामुळे पाणी भरलेले यंत्र येथे कामाचे नाही. पेट्रोलवर पाणी टाकल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते आणि आगही त्याबरोबर पसरते. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र विजेच्या आगीवर चांगले असले तरी उघड्या रस्त्यावर वाऱ्याने वायू उडून जातो, बंद मोटारीत तो गुदमरवणारा ठरू शकतो आणि त्याचे जाड पोलादी सिलिंडर वजनदार असते.

या कारणांमुळे मोटारीसाठी ‘एबीसी’ प्रकारच्या कोरड्या पावडरीचे यंत्र सर्वसाधारणपणे सुचवले जाते. त्यातील मुख्य घटक मोनो अमोनियम फॉस्फेट हा असून तो नायट्रोजनच्या दाबाने बाहेर फेकला जातो. पावडरीचे कण ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतात, तर तापलेल्या घन पृष्ठभागावर ते वितळून चिकट थर तयार करतात आणि त्या भागाला हवा मिळू देत नाहीत. या पावडरीचा दोषही लक्षात घ्यायला हवा. ओलाव्याच्या संपर्कात ती धातूला गंज आणते. त्यामुळे आग विझल्यानंतर इंजिनाची तातडीने स्वच्छता करून घ्यावी लागते.

मोटारीसाठी आग विझवणारे साधन ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९१० च्या दशकापासून पितळी पंपाच्या आकाराची हातयंत्रे मोटारींत बसवली जात असत. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव असे. तो आग विझवत असे, परंतु उष्णतेने त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होई. त्यानंतर आलेले हॅलॉन अत्यंत परिणामकारक आणि स्वच्छ होते. मात्र ते ओझोन थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. आज बाजारात ‘क्लीन एजंट’ नावाने मिळणारी यंत्रे ही हॅलॉनचे स्थान घेण्यासाठी आलेली आहेत. ती मागे पावडर ठेवत नाहीत, पण त्यांची किंमत बरीच अधिक असते.

खरेदी करताना यंत्रावर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६८३ हा मानक क्रमांक आहे का, हे पाहावे. चिन्हासोबत छापलेला परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो. क्षमता किती असावी, हा प्रश्न बहुधा जागेच्या सोयीनुसार सोडवला जातो. तरी एक किलोपेक्षा कमी पावडरीचे यंत्र घेण्यात फारसा अर्थ नाही आणि मोठ्या मोटारीत दोन किलोचे यंत्र सहज मावते. अत्तराच्या बाटलीएवढे फवारे दिसायला सुबक असतात. मात्र त्यांतील अनेकांवर दाबमापक नसल्याने आत दाब शिल्लक आहे की नाही, हे बाहेरून कळण्याची सोय नसते.

एक किलोचे यंत्र खटका पूर्ण दाबून धरल्यास साधारणपणे आठ ते दहा सेकंदांत रिकामे होते. हा आकडा प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. चित्रपटातील नायकाप्रमाणे दीर्घकाळ फवारा मारत राहणे या यंत्राने शक्य नाही.

जागा आणि देखभाल

यंत्र कोठे ठेवावे, हा त्याच्या निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. डिकी ही सर्वांत सोयीची जागा वाटते, परंतु मागून धडक बसल्यास डिकी उघडत नाही, सामान असल्यास यंत्र सापडत नाही आणि सीएनजीवर चालणाऱ्या अनेक मोटारींत डिकी सिलिंडरनेच भरलेली असते. चालकाच्या किंवा त्याच्या शेजारच्या आसनापुढे, पायाशी, धातूच्या पट्टीने घट्ट बसवलेले यंत्र हाताशी राहते. ‘घट्ट’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एक किलो पावडरीच्या यंत्राचे एकूण वजन दोन किलोच्या आसपास जाते. सुटे ठेवलेले असे सिलिंडर घाटातील वळणावर घरंगळत ब्रेकखाली अडकू शकते, तर धडकेच्या वेळी एखाद्या दगडाप्रमाणे प्रवाशावर आदळू शकते. आगीसाठी घेतलेले साधन असे अपघातालाच कारण ठरणे परवडणारे नाही.

उन्हाचाही विचार करावा लागतो. यंत्रावर ते किती तापमानापर्यंत सुरक्षित आहे, याची मर्यादा छापलेली असते. अनेक यंत्रांसाठी ती ५५ किंवा ६० अंश सेल्सिअस असते. विदर्भ, राजस्थान, तेलंगण अशा प्रदेशांत मे महिन्याच्या दुपारी बंद मोटारीचा डॅशबोर्ड याहून अधिक तापतो. आसनाखालचा, पायाजवळचा भाग तुलनेने थंड राहतो. म्हणूनच काचेमागे किंवा मागील फळीवर यंत्र ठेवू नये. त्याच काचेमागे राहणारे सिगारेट लायटर आणि सुगंधी फवारे यांनाही हाच नियम लागू आहे.

दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सुरक्षा पिन व सील जागेवर आहेत का, नोझलमध्ये कोळ्याचे जाळे किंवा माती तर नाही ना, एवढे महिन्यातून एकदा पाहणे पुरेसे असते. मोटारीच्या सततच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी दबून घट्ट होऊ शकते. त्यामुळे काही उत्पादक यंत्र अधूनमधून उलटे करून हलवण्याची सूचना देतात. टायरमधील हवा तपासण्याच्या दिवशीच हे काम उरकणे अनेकांना सोयीचे जाते.

प्रत्यक्ष आगीच्या वेळी

आगीची किंवा धुराची जाणीव होताच मोटार रस्त्याच्या डाव्या कडेला थांबवून इंजिन बंद करावे. इंजिन बंद होताच इंधनाचा पंपही थांबतो आणि आगीला मिळणारे खाद्य कमी होते. त्यानंतर हँडब्रेक ओढून सर्व प्रवाशांना बाहेर काढावे. मुले, वृद्ध, मागच्या आसनावर झोपलेली माणसे यांच्याकडे आधी लक्ष द्यावे. सामानाचा विचारही करू नये. मोटारीपासून किमान तीस मीटर दूर, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला सर्वांनी जावे आणि द्रुतगती मार्गावर असल्यास कठड्यापलीकडे थांबावे. ११२ किंवा १०१ या क्रमांकावर दूरध्वनी करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवता आले तर उत्तम. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे. दरवाजे उघडत नसल्यास बाजूची काच कोपऱ्यात फोडावी. मधोमध मारलेला घाव बहुधा वाया जातो. काच फोडण्याची व सीटबेल्ट कापण्याची सोय असलेली छोटी हातोडी यंत्राशेजारीच ठेवणे इष्ट.

सर्व माणसे बाहेर आल्यानंतरच यंत्राचा विचार करावा, आणि तोही आग लहान असेल तर. सुरक्षा पिन ओढावी, दोन-तीन मीटर अंतरावरून नोझल ज्वाळांच्या टोकाकडे नव्हे तर बुडाकडे रोखावे, खटका दाबावा आणि फवारा डावीकडून उजवीकडे झाडू मारल्याप्रमाणे फिरवावा. वारा पाठीमागून असावा. आग बॉनेटखाली असल्यास बॉनेट पूर्ण उघडण्याचा मोह टाळावा, कारण हवेचा झोत आत शिरताच दबलेली आग भडकून थेट चेहऱ्यावर येते. आतील खटक्याने बॉनेट केवळ सैल करून, त्या फटीतून किंवा पुढील जाळीतून पावडर आत सोडावी. बॉनेटचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला असेल, तर फट करण्याचाही प्रयत्न करू नये.

ज्वाळा प्रवासी कक्षात शिरल्या असतील, इंधनाच्या टाकीकडे सरकत असतील किंवा पहिल्या फवाऱ्याने आग मंदावली नसेल, तर माघार घ्यावी. पडद्यावर दिसतो तसा टाकीचा स्फोट प्रत्यक्षात क्वचित होतो. मात्र टायर फुटणे, बॉनेट आणि डिकी उचलून धरणारे वायूचे दांडे तापून गोळीसारखे उडणे, एअरबॅग आपोआप फुगणे हे प्रकार घडतात आणि जवळ उभ्या माणसाला गंभीर इजा करतात. जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूरही विषारी असतो.

एकाच मोटारीतील यंत्र अपुरे पडले तरी महामार्गावर इतर वाहने थांबतात. अशा वेळी दोन-तीन यंत्रे एकामागून एक वापरण्याऐवजी एकाच वेळी वापरल्यास परिणाम अधिक होतो. एक यंत्र संपून दुसरे सुरू होईपर्यंत आग पुन्हा भडकण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

सीएनजी आणि विजेवरील मोटारी

सीएनजीच्या आगीत ज्वाळा विझवण्याहून वायूचा पुरवठा तोडणे महत्त्वाचे असते. सिलिंडरची झडप सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर ती आधी बंद करावी. वायू गळत असताना केवळ ज्वाळा विझवल्यास तो साचून नंतर एकदम पेटण्याचा धोका राहतो. झडपेपर्यंत पोहोचणे शक्य नसेल, तर दूर जाणे हाच पर्याय. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. ही मुदत टाळणाऱ्या मोटारीत अग्निशामक यंत्र बसवण्याला फारसा अर्थ उरत नाही.

विजेवरील मोटारींनी एक नवा प्रश्न उभा केला आहे. मार्च व एप्रिल २०२२ मध्ये पुण्यासह देशाच्या अनेक भागांत विजेवरील स्कूटरना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीसंबंधीची मानके कडक करण्यात आली. लिथियम-आयन बॅटरीतील एक सेल तापून बिघडला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला बिघडवते आणि ही साखळी बाहेरील हवेवाचूनही पुढे सरकत राहते. कोरडी पावडर वरच्या ज्वाळा दाबते, पण आतील उष्णता कमी करू शकत नाही. ते काम मोठ्या प्रमाणावरील पाणीच करू शकते आणि ते अग्निशमन दलाचे काम आहे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, तसेच तिच्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू बाहेर पडतात. विजेवरील मोटारीतही आसनाला, डॅशबोर्डला किंवा बारा व्होल्टच्या वायरींना लागलेल्या आगीवर एबीसी यंत्र उपयोगी आहे. धूर तळातून, म्हणजे बॅटरीच्या बाजूने येत असेल, तर मात्र यंत्राला हातही न लावता दूर जावे.

मोठ्या वाहनांच्या आगीतही या यंत्राची मर्यादा उघड होते. नाशिकमध्ये ८ ऑक्टोबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी आणि आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ २४ ऑक्टोबर २०२५ रोजी धडकेनंतर खासगी बसगाड्यांनी पेट घेऊन अनेक प्रवाशांचे बळी घेतले. या तिन्ही दुर्घटना रात्रीच्या किंवा पहाटेच्या, प्रवासी झोपेत असतानाच्या होत्या. इंधन सांडून पेटल्यावर हातातील यंत्राने अशी आग आवरणे शक्य नसते. तेथे प्राण वाचवतात ते आपत्कालीन दरवाजे, मोकळी वाट आणि हाताशी असलेली हातोडी. बसमध्ये चढल्यावर हे दरवाजे कोणत्या बाजूला आहेत, हे पाहून ठेवण्यास काही सेकंद लागतात.

आग विझल्यासारखी वाटली तरी मोटार पुन्हा सुरू करू नये. तापलेल्या धातूमुळे आग पुन्हा पेटू शकते, त्यामुळे काही वेळ दुरून लक्ष ठेवावे आणि शक्य असल्यास बॅटरीची जोडणी तंत्रज्ञाकडून सोडवून घ्यावी. विम्याच्या दाव्यासाठी पोलिसांकडील नोंद व छायाचित्रे आवश्यक असतात. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, तर नोंदणी पुस्तिकेत न नोंदवलेला सीएनजी संच किंवा वायरिंगमधील फेरफार आढळल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

यंत्र एक सेकंदभर जरी वापरले असले, तरी ते तसेच परत पट्टीत बसवून ठेवू नये. खटका सोडताना पावडरीचे कण झडपेत अडकतात आणि उरलेला दाब काही तासांत किंवा दिवसांत निघून जातो. अधिकृत केंद्रातून ते पुन्हा भरून घ्यावे. एकदाच वापरण्याजोगे असल्यास नवे विकत घ्यावे आणि ते येईपर्यंत मोटारीत यंत्र नाही असेच धरून चालावे.